विचारा, उत्तर देतो : हाल्डेनचे गणित आणि विदर्भातला सिकलसेल

या महिन्याच्या टपालात दोन विषय वेगवेगळ्या पत्रांतून आले: नागपूरच्या घराघरांत चर्चेत असलेला सिकलसेल (तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा रक्ताचा आनुवंशिक आजार) आणि उत्क्रांतिशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन. हे दोन्ही एकाच धाग्याचे असल्यामुळे उत्तरे एकत्र देत आहोत. सर्वांत तातडीचा प्रश्न आधी घेतला आहे.

प्रश्न : माझा आणि ज्याच्याशी लग्न ठरतंय त्याचा, दोघांचाही सिकलसेलचा रिपोर्ट 'एएस' आला. घरचे म्हणतात, चार मुलांमागे एकाला होतो, तुम्ही दोनच होऊ द्या. हे बरोबर आहे का? (सक्करदरा)

उत्तर : नाही. चारातला एक हा हिशेब दर गरोदरपणी नव्याने लागतो. तुम्हा दोघांकडे हिमोग्लोबिनच्या जनुकाची एक प्रत साधी (ए) आणि एक सिकलची (एस) आहे. बाळाला प्रत्येकाकडून एक-एक प्रत मिळते. त्यामुळे प्रत्येक वेळी २५ टक्के शक्यता 'एए'ची, ५० टक्के 'एएस'ची आणि २५ टक्के 'एसएस'ची, म्हणजे प्रत्यक्ष आजाराची. पहिलं बाळ निरोगी निघालं म्हणून दुसऱ्याचा धोका वाढत नाही आणि कमीही होत नाही. दोन मुलांपैकी किमान एकाला आजार असण्याची शक्यता जवळजवळ ४४ टक्के येते. 'दोनच होऊ द्या' या सल्ल्याने धोका टळत नाही.

लग्न मोडलंच पाहिजे असंही नाही. मात्र दिवस राहण्याआधी तीन गोष्टी करा. पहिली, दोघांचे रिपोर्ट एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसचे (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचण्यांचे) आहेत ना, ते पाहा. शिबिरात होणारी सोल्युबिलिटी चाचणी फक्त 'सिकल हिमोग्लोबिन आहे' एवढंच सांगते. 'एएस' आणि 'एसएस' तिला वेगळे ओळखता येत नाहीत. दुसरी, दोघांच्या डीएनए तपासणीची सोय आधीच करून ठेवा, कारण गर्भाच्या नमुन्याचा अर्थ आईवडिलांच्या नमुन्यांशी ताडूनच लावतात. तिसरी, दिवस राहिल्याचं कळताच, आठव्या आठवड्याच्या आत, डॉक्टरांना गाठा. वारेचा सूक्ष्म नमुना साधारण ११ ते १३ आठवड्यांत घेतात, तर गर्भजल तपासणी सोळाव्या आठवड्याच्या सुमारास होते. बहुतेक जोडपी चौथ्या-पाचव्या महिन्यात येतात, आणि मग रिपोर्ट हाती येईपर्यंत निर्णयाला वेळच उरत नाही. नागपूरच्या मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) किंवा डागा रुग्णालयात चौकशी करा, तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातूनही तिथे पाठवतात.

'एएस' हा आजार नाही, हे घरच्यांना ठामपणे सांगा. 'एएस' असलेल्या मुलीचं हिमोग्लोबिन ८ असेल, तर त्याचं खापर सिकलवर फोडू नये. बहुतेक वेळा लोहाची कमतरता असते आणि ती उपचारांनी भरून निघते. अतिश्रम आणि अंगातलं पाणी कमी होणं मात्र 'एएस' व्यक्तीनेही टाळावं. मे महिन्यातल्या नागपुरात ही सूचना विशेष लागू आहे.

प्रश्न : आमच्या आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटीचे निकाल कधी कधी फसतात. एकाच माणसाचा एकदा पॉझिटिव्ह, एकदा निगेटिव्ह. कारण काय? (आशा कार्यकर्ती, हिंगणा)

उत्तर : चाचणीत २ मिलिलिटर द्रावणात २० मायक्रोलिटर रक्त घालतात. द्रावणातलं सॅपोनिन तांबड्या पेशी फोडतं, सोडियम डायथायोनाइट प्राणवायू काढून घेतं, आणि प्राणवायू गेला की सिकल हिमोग्लोबिन विरघळलेलं राहत नाही. पाच मिनिटांनी नळीमागे छापील रेघा धरायच्या. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, गढूळपणामुळे दिसल्या नाहीत तर पॉझिटिव्ह.

फसण्याची कारणं ठरलेली आहेत. डायथायोनाइट हवेने निकामी होतं, उघड्या बाटलीतलं द्रावण जुनं झालं की खरे पॉझिटिव्हही निगेटिव्ह दिसू लागतात. म्हणून रोज सकाळी एक माहीत असलेला 'एएस' नमुना आणि एक 'एए' नमुना सोबत लावायचा. त्या दोन नळ्या बरोबर आल्या नाहीत तर त्या दिवसाचा एकही निकाल लिहू नये. रक्त फार कमी असलेल्या रुग्णात तेवढ्या थेंबात सिकल हिमोग्लोबिनच पुरेसं नसतं, तिथेही खोटा निगेटिव्ह येतो. नुकतंच रक्त चढवलेलं असेल तर रक्तदात्याच्या पेशी मोजल्या जातात. सहा महिन्यांखालच्या बाळात अजून गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त असतं, त्यामुळे या वयात ही चाचणी करूच नये. उलट, रक्तात चरबी फार असेल तर सिकल नसतानाही नळी गढूळ होते.

आणखी एक. सोल्युबिलिटी निगेटिव्ह म्हणजे 'सगळं ठीक' नव्हे. बीटा थॅलेसेमियाचा (हिमोग्लोबिन कमी तयार होण्याच्या आनुवंशिक आजाराचा) वाहक, म्हणजे एकच सदोष प्रत असलेली व्यक्ती, तिच्यात सापडत नाही. एक पालक सिकलचा आणि दुसरा थॅलेसेमियाचा वाहक असेल, तर प्रत्येक गरोदरपणी २५ टक्के शक्यता अशी की बाळाला दोन्ही जनुके मिळून सिकलसारखाच आजार होईल. म्हणून एक जोडीदार 'एएस' निघाला की दुसऱ्याची एचपीएलसी करायचीच, मग त्याची सोल्युबिलिटी काहीही येवो. आणि जात विचारून कुणाची तपासणी टाळू नका.

प्रश्न : सिकलसेल आणि मलेरियाचा संबंध हाल्डेनने शोधला असं वाचलं. खरं का? (बी.एस्सी. द्वितीय वर्ष, धरमपेठ)

उत्तर : अर्धं खरं. हाल्डेनने १९४८ साली स्टॉकहोमच्या आंतरराष्ट्रीय जनुकशास्त्र परिषदेत जे मांडलं ते थॅलेसेमियाबद्दल होतं. त्याचा निबंध १९४९ साली छापून आला. सिकलसेलसाठी पुरावा उभा केला तो अँथनी अ‍ॅलिसन यांनी, पूर्व आफ्रिकेत, १९५४ साली. पण विचाराची चौकट हाल्डेनची, आणि ती कुठून आली हे समजलं तर त्याचं सगळं काम समजतं.

१९३५ साली त्याने हिमोफिलियाचा हिशेब केला होता. हा रक्तस्रावाचा आजार झालेले पुरुष त्या काळी बहुधा मुलंबाळं होण्याआधीच जात. म्हणजे दर पिढीत काही सदोष जनुके नष्ट होत होती, तरी आजार संपत नव्हता. अर्थात तेवढीच जनुके दर पिढीत नव्याने तयार होत असली पाहिजेत. किती नष्ट होतात हे मोजता येत होतं, त्यावरून किती तयार होतात हे त्याने काढलं: सुमारे ५० हजारांत एक. माणसाच्या एखाद्या जनुकाचा उत्परिवर्तनाचा (जनुकात नव्याने बदल होण्याचा) दर असा प्रथमच आकड्यात आला, तोही डीएनएची रचना कळण्याच्या १८ वर्षं आधी.

आता हाच हिशेब सिकलला लावून पाहा. समजा एखाद्या गावात 'एस' प्रतींचं प्रमाण १३ टक्के आहे आणि उपचारांअभावी 'एसएस' मुलं मोठी होण्याआधीच जातात. तर जन्मणाऱ्यांत 'एसएस' ०.१३ गुणिले ०.१३, म्हणजे १.७ टक्के. दर पिढीत एक हजार प्रतींमागे १७ प्रती नाहीशा होतात. ही तूट केवळ उत्परिवर्तनाने भरायची तर त्याचा दर हिमोफिलियाच्या सुमारे ८५० पट हवा. ते अशक्य. थॅलेसेमियाच्या बाबतीत काही संशोधक असा मोठा दर मानायला तयार होते, हाल्डेन मात्र नव्हता. त्याने वाहकांकडे बोट दाखवलं. एकच सदोष प्रत असलेल्यांच्या तांबड्या पेशी मलेरियाला जास्त दाद देत नसतील, तर मलेरियाच्या प्रदेशात ते इतरांपेक्षा अधिक जगतील आणि त्या जोरावर तूट भरून निघेल.

प्रश्न : मग मलेरिया कमी झाल्यावर सिकलसेल आपोआप जायला हवा. जात का नाही? (निवृत्त शिक्षक, महाल)

उत्तर : जाईल, पण किती सावकाश ते मोजून पाहू.

आधी समतोल. मलेरियामुळे 'एए' माणसांचं नुकसान (जगून मुलंबाळं होण्यातली घट) 'एएस'च्या तुलनेत १५ टक्के आणि आजारामुळे 'एसएस'चं १०० टक्के धरा. 'एस' प्रतीचं प्रमाण जिथे स्थिरावतं तो आकडा म्हणजे 'एए'चं नुकसान भागिले दोन्ही नुकसानांची बेरीज: ०.१५ भागिले १.१५, म्हणजे ०.१३. वर घेतलेला १३ टक्क्यांचा आकडा हाच. अशा गावात सुमारे २३ टक्के लोक 'एएस' असतील. हे आकडे हिशेबासाठी घेतले आहेत, कुठल्या एका गावाची ही पाहणी नाही.

आता मलेरिया पूर्ण गेला असं धरा. 'एसएस' मुलं तरीही वाढत नाहीत असं कठोर गृहीत कायम ठेवलं, तर काही पिढ्यांनंतरचं प्रमाण म्हणजे सुरुवातीचं प्रमाण भागिले (१ अधिक पिढ्या गुणिले सुरुवातीचं प्रमाण). दहा पिढ्यांनी ०.१३ भागिले २.३, म्हणजे सुमारे ०.०५६. वाहक २३ टक्क्यांवरून जेमतेम ११ टक्क्यांपर्यंत उतरतात. पिढी २५ वर्षांची धरली तर यात अडीचशे वर्षं गेली. पुढच्या दहा पिढ्यांत वाहक ११ वरून ७ टक्क्यांवर येतात, म्हणजे वेग आणखी मंदावतो. कारण असं की प्रमाण घटलं की बहुतेक सगळ्या 'एस' प्रती वाहकांमध्ये सुरक्षित बसतात. निवडीचा घाव फक्त 'एसएस'वर पडतो, आणि ते दुर्मीळ होत जातात.

आजची स्थिती या गृहीतापेक्षा चांगली आहे. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध, लसी, वेळेवर उपचार यांमुळे 'एसएस' मुलं मोठी होतात, त्यांनी व्हावंच, आणि त्यामुळे जनुकाची घट याहूनही सावकाश होणार. लग्नाआधी तपासणी करून 'एएस'-'एएस' जोड्या टाळल्या तर आजारी मुलं जन्मणं थांबतं, पण 'एस' जनुक समाजात तसंच राहतं. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेचं उद्दिष्ट २०४७पर्यंत सिकलसेल निर्मूलनाचं आहे. त्यातलं 'निर्मूलन' आजाराचं, जनुकाचं नाही. जनुक असणं हा कुणाचा दोष नाही, आणि गावागावांत हे समजावून सांगताना हा भेद स्पष्ट करायलाच हवा. नाहीतर वाहक मुलींची स्थळं विनाकारण परत जातात.

भारतात सिकल हिमोग्लोबिनची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीतल्या आदिवासींमध्ये झाली, आणि १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये मध्य भारतातील सिकलवर टिपण छापलं गेलं. त्याआधीही आजार इथे होताच, फक्त त्याला नाव नव्हतं.

'एएस' माणसाला मलेरिया होत नाही असं मात्र समजू नका. डास चावतो, तापही येतो. फाल्सिपेरम या प्रकारच्या मलेरियाचं जीवघेणं रूप त्याच्यात फार कमी दिसतं, एवढाच फायदा. मच्छरदाणी सगळ्यांनाच हवी.

प्रश्न : मामेबहिणीशी लग्न केल्याने सिकलसेल होतो, असं आमच्याकडे म्हणतात. नात्यात लग्न टाळलं की पुरे ना? (उमरेड)

उत्तर : पुरे नाही. आतेभाऊ-मामेबहिणीच्या अपत्याला दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून मिळण्याची शक्यता १/१६ असते. वरच्याच १३ टक्क्यांच्या गावात नात्याबाहेर लग्न केलं तर 'एसएस'चा धोका १.७ टक्के, मामेबहिणीशी केलं तर सुमारे २.४ टक्के. म्हणजे वाढ आहे, पण दीडपटीहूनही कमी. जनुक दुर्मीळ असेल, समजा दोनशे प्रतींत एक, तर नात्यातल्या लग्नाने धोका तेरा पटींहून जास्त वाढतो. नात्यात लग्न टाळण्याचा मोठा लाभ अशा दुर्मीळ आजारांपुरता आहे. सिकलसारखं सर्वत्र पसरलेलं जनुक परक्या स्थळातूनही तितक्याच सहज येतं. इथे रक्ततपासणीला पर्याय नाही.

प्रश्न : हाल्डेनकडे विज्ञानाची पदवी नव्हती म्हणतात. आणि तो भारतात का आला? (अकरावी, प्रतापनगर)

उत्तर : पदवी नव्हती हे खरं. ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्डमध्ये जन्म, तिथेच गणित आणि मग ग्रीक-लॅटिनचा अभ्यास. विज्ञान तो घरी शिकला. वडील जॉन स्कॉट हाल्डेन श्वसनाचे शरीरशास्त्रज्ञ होते आणि लहानपणापासून मुलाला प्रयोगांत सोबत घेत. पहिल्या महायुद्धात तो सैन्यात होता, मेसोपोटेमियात जखमी झाल्यावर उपचारांसाठी भारतात आला होता. उंदरांतल्या जोडजनुकांवरचा (वारशाने एकत्र जाणाऱ्या जनुकांवरचा) त्याचा पहिला निबंध १९१५चा, युद्ध चालू असतानाच छापलेला. १९२४पासून त्याने नैसर्गिक निवडीच्या गणितावर निबंधमाला लिहिली. रोनाल्ड फिशर आणि सीवॉल राईट यांच्यासोबत डार्विनची नैसर्गिक निवड आणि मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम यांचा मेळ घालणाऱ्या तिघांत त्याचं नाव घेतात.

१९५७ साली तो पत्नी हेलन स्परवे यांच्यासह कोलकात्यात, संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आला. सुएझवरच्या ब्रिटिश हल्ल्याचा निषेध हे कारण त्याने जाहीरपणे दिलं. पण इथली झाडं, पाखरं, माणसांतली विविधता त्याला खुणावत होती, हे त्याने इथे केलेल्या कामावरून दिसतं. १९६१ साली संस्थेशी मतभेद होऊन बाहेर पडला, भारताचं नागरिकत्व घेतलं, पुढे भुवनेश्वरला प्रयोगशाळा उभारली. १ डिसेंबर १९६४ रोजी कर्करोगाने तिथेच गेला. देह काकीनाड्याच्या रंगराय वैद्यकीय महाविद्यालयाला दिलेला होता.

त्याच्या आयुष्यातली एक गोष्ट झाकू नये. तो कम्युनिस्ट होता, आणि सोव्हिएत संघात लायसेंको या कृषितज्ज्ञाने जनुकशास्त्र मोडीत काढलं तेव्हा उघड विरोध करायला त्याने फार वेळ घेतला. १९२८ साली त्याला रशियाला बोलावणारे जनुकशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव १९४३ साली तुरुंगात मरण पावले. हाल्डेन पक्षापासून दूर झाला तो १९५०च्या सुमारास. एवढ्या मोठ्या जनुकशास्त्रज्ञाने हे मौन राखायला नको होतं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : काळ्या पतंगाचा त्याचा हिशेब पाठ्यपुस्तकात नुसता उल्लेखून सोडलाय. करून दाखवाल? (तीच अकरावीची विद्यार्थिनी)

उत्तर : मँचेस्टरजवळ ठिपकेदार पतंगाचं काळं रूप १८४८ साली नोंदलं गेलं आणि शतक संपेपर्यंत जवळजवळ सगळे पतंग काळे झाले. हाल्डेनने धरलं: ५० वर्षांत काळे १ टक्क्यावरून ९९ टक्क्यांवर, वर्षाला एक पिढी, काळा रंग प्रभावी (म्हणजे एकाच प्रतीने दिसणारा).

फिकटांचं प्रमाण सुरुवातीला ०.९९ आणि शेवटी ०.०१. त्यांची वर्गमुळं घेतली की फिकट जनुकाचं प्रमाण मिळतं: ०.९९५ आणि ०.१. काळ्याचं मग ०.००५ आणि ०.९. निवडीचा जोर (फिकटांचं दर पिढीतलं नुकसान) गुणिले पिढ्या हे दोन भागांच्या बेरजेइतकं येतं. पहिला भाग काळ्या-फिकट जनुकांच्या गुणोत्तरातल्या वाढीचा नैसर्गिक लॉगरिदम, सुमारे ७.५. दुसरा, १ भागिले ०.१ वजा १ भागिले ०.९९५, सुमारे ९. बेरीज १६.५, तिला ५० ने भागा: ०.३३. फिकट पतंग काळ्यांच्या तुलनेत दोन-तृतीयांशच टिकत होते, किंवा काळ्यांची पैदास फिकटांच्या दीडपट होती.

विद्यार्थी वर्गमूळ घ्यायला विसरतात आणि तिथेच उत्तर चुकतं. वर्गमूळ हवं कारण फिकट दिसायला दोन प्रती लागतात. आणि ९ हा दुसरा भाग पहिल्यापेक्षा मोठा का, ते पाहा. शेवटी उरलेली फिकट जनुके काळ्या पतंगांत लपलेली असतात. सिकलच्या उत्तरात वाहक सावकाश घटतात त्याचंही कारण हेच.

१९२४ साली एवढा मोठा आकडा कुणाला पटण्यासारखा नव्हता. पुढे मैदानात मोजणी झाली. सगळ्यात काटेकोर मोजणी मायकल मजेरस यांची, केंब्रिजमध्ये २००१ ते २००७, एकूण ४,८६४ पतंग सोडून. पक्षी पतंगांना रंगानुसार निवडून खातात, हे तिने पक्कं केलं.

प्रश्न : शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी हाल्डेनच्या धर्तीवर बिनखर्चाचा प्रयोग सुचवा. (शिक्षिका, हुडकेश्वर)

उत्तर : पारिजातक. कोलकात्यात हाल्डेनचे सहकारी एस. के. रॉय यांनी याच फुलांच्या पाकळ्या मोजल्या होत्या. एका झाडाची सगळी फुलं एकाच जनुकसंचाची, तरी पाकळ्या कधी पाच, कधी सहा, सात, आठ. हा फरक आनुवंशिक नव्हे. निवडीला उपयोगी पडतो तो झाडाझाडांतला आनुवंशिक फरक. दोन्ही वेगळे मोजायला शिकणं हा प्रयोगाचा हेतू.

किमान तीन झाडं घ्या, एकमेकांपासून लांबची, म्हणजे फुलं मिसळणार नाहीत. संध्याकाळी प्रत्येकाखाली जुनी चादर अंथरा. सकाळी साडेसहाच्या आत फुलं गोळा करा, ऊन चढलं की पाकळ्या गुंडाळतात आणि दोन चिकटून एक दिसतात. मुलं छान फुलं वेचून घेतात, तसं होऊ देऊ नका. चादरीच्या एका कडेपासून सुरुवात करून सलग शंभर फुलं उचला. फाटलेलं फूल मोजू नका, पण किती फाटली ते लिहा. केशरी देठाकडून धरून पाकळीच्या बुंध्याशी मोजा, कारण टोकाला खाच असल्याने एका पाकळीच्या दोन वाटतात. दोघांनी स्वतंत्र मोजावं. शंभरात तीनहून अधिक फुलांवर मतभेद झाला तर पुन्हा मोजा.

समजा आकडे असे आले: पाच पाकळ्यांची १४, सहाची ५८, सातची २४, आठची ४. सरासरी ६.१८. प्रत्येक फुलाचा सरासरीपासूनचा फरक, त्याचा वर्ग, सगळ्यांची बेरीज ५०.८, तिला ९९ ने भागून वर्गमूळ: प्रमाण विचलन ०.७२. शंभर फुलांच्या सरासरीत सुमारे ०.०७ची (०.७२ भागिले शंभरचं वर्गमूळ) चूक संभवते, म्हणून दोन झाडांच्या सरासरीत ०.२ पेक्षा कमी फरक असेल तर तो योगायोग समजा. त्याहून जास्त फरक आठवड्याने पुन्हा मोजल्यावरही टिकला, तर झाडं खरोखर वेगळी आहेत. मात्र तो वेगळेपणा जनुकांचा की मातीचा, हे एवढ्यावरून ठरत नाही. त्यासाठी दोन झाडांची रोपं एकाच वाफ्यात वाढवावी लागतील.

बहर ऑगस्टअखेरपासून धरा. दर आठवड्याला त्याच झाडांची शंभर-शंभर फुलं मोजत गेलात तर हंगामाच्या शेवटी पाकळ्यांतला फरक वाढतो की घटतो, हेही तक्त्यात उतरेल. प्रदर्शनात वाळकी फुलं मांडण्यापेक्षा रोजची मूळ वही ठेवा, परीक्षकांना खाडाखोडीसकट दाखवा.